स्वप्न पडतं, विसरही पडतो

अण्णांना जाऊन येत्या मार्गशीर्षात अकरा वर्षं होतील. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर एक नवा विषय सुरू झाला : रात्री कोणाच्या स्वप्नात अण्णा आले. आई सांगायची, "काल आले होते. खाकी कपड्यांतच होते. चहा टाक म्हणाले. मी आधण ठेवलं आणि जाग आली." अण्णा एसटीत कंडक्टर होते. ताईच्या स्वप्नात ते तिकिटांची पेटी काखेत मारून दारात उभे असायचे. भाच्याला तर त्यांनी स्वप्नात घंटीची दोरीही ओढू दिली. मी ऐकत बसायचो. सांगायला माझ्याजवळ काहीच नसायचं. एकदा ताई सहज बोलून गेली, "तुझ्या स्वप्नात नाही यायचे ते. तुमचं पटलं कुठे कधी?"

ती हे विसरूनही गेली असेल. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं.

खरं तर माझ्या स्वप्नात अण्णाच काय, कोणीच येत नाही. वर्षाकाठी दोन-तीन स्वप्नं आठवली तर आठवली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, मेंदूविज्ञानाशी माझा संबंध वाचकाएवढाच. पण ताईच्या त्या वाक्याचा छडा लावायचाच, या हट्टाने मी वाचायला लागलो. वाचनालयातल्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि हळूहळू मूळ शोधनिबंधांपर्यंत पोचलो. काही लोकांना स्वप्नं का आठवत नाहीत, या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर इथे मांडतो आहे.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत झोप 'लागते', जाग 'येते', स्वप्न 'पडतं'. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. आणि विसरही 'पडतो'. माझ्यासारखे लोक सर्रास म्हणतात, "मला स्वप्नं पडत नाहीत." हे विधान करण्याचा अधिकार त्यांना नाही. "मला स्वप्नं आठवत नाहीत," एवढंच ते म्हणू शकतात. पडलंच नाही की पडलं आणि विसरलं, हे झोपलेल्या माणसाला कळायचं कसं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. वेदान्त्यांनी यावर बोट ठेवलं. काही कळलं नाही, हे तरी कोणी लक्षात ठेवलं? आठवण आहे त्या अर्थी अनुभवही होता. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते ही आठवण नव्हेच. उठल्यावर अंग हलकं वाटतं, त्यावरून माणूस मागाहून अनुमान काढतो. वाद गाढ झोपेचा होता, स्वप्नाचा नव्हता. पण 'सकाळी आठवत नाही' यावरून 'रात्री नव्हतं' असं म्हणता येतं का, हा त्यातला पेच अगदी आपलाच आहे. तो सोडवायला झोपलेल्या माणसाला मध्येच उठवून विचारणं एवढाच मार्ग होता. बृहदारण्यक उपनिषदात झोपलेल्याला एकदम उठवू नये असं लोक म्हणतात, असा उल्लेख आहे. त्यामुळे असेल किंवा नसेल, तो प्रयोग आपल्याकडे झाला नाही.

तो अमेरिकेत १८९३ साली झाला. वेल्झली कॉलेजात शिकवणाऱ्या मेरी व्हिटन कॅल्किन्स आणि त्यांचे सहकारी एडमंड सॅनफोर्ड यांनी रात्री वेगवेगळ्या वेळांचे गजर लावून स्वतःलाच उठवलं आणि दीड-दोन महिन्यांत दोघांची मिळून ३७५ स्वप्नं टिपली. उशाशी कागद, पेन्सिल आणि मेणबत्ती. कॅल्किन्स यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. कागदाकडे हात नेण्याची किंवा मेणबत्ती पेटवण्याची किरकोळ हालचालही स्वप्न उडवून लावायला पुरते. मागे उरते ती फक्त काहीतरी रंगतदार पाहिल्याची चुटपुट. (याच बाईंना पुढे हार्वर्डने केवळ बाई म्हणून डॉक्टरेट नाकारली, आणि १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पुढची साठ वर्षं उठवायचं कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आणि त्याचे गुरू नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलू लागतात. सुरुवातीचे काही आलेख ॲसेरिन्स्कीने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा चिकटवून काढले होते. डोळे हलत असताना त्यांनी लोकांना २७ वेळा उठवलं. २० वेळा लोकांनी स्वप्न सांगितलं. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं. १९ वेळा काहीही आठवलं नाही. जलद नेत्रचलनाच्या या झोपेला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेम' झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते. रात्रीच्या पहिल्या फेरीत काही मिनिटांची असते आणि पहाटेकडे लांबत जाते.

'पहाटेचं स्वप्न खरं होतं' असं आपल्याकडे म्हणतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. पहाटेची रेम झोप सगळ्यांत लांब, आणि तिला लागूनच जाग येते. म्हणून आठवतं ते बहुधा पहाटेचंच. मध्यरात्रीची स्वप्नं खरी ठरली की खोटी, हे तपासायला कोणाच्या लक्षातच राहत नाहीत.

आता एक दुरुस्ती. स्वप्नं फक्त रेम झोपेतच पडतात हा समज १९६२ साली डेव्हिड फोक्स या संशोधकाने मोडला, आणि तोही प्रश्न बदलून. "स्वप्न पाहत होता का?" असं विचारण्याऐवजी त्याने विचारलं, "आत्ता मनात काय चाललं होतं?" तेव्हा इतर झोपेतून उठवलेले लोकही बरंच काही सांगू लागले. चित्रं कमी, विचार जास्त, पण रिकामं मन क्वचितच. कोणता प्रश्न विचारला यावर किती फरक पडतो, पाहा. घरात मला सगळे विचारायचे, "तुला अण्णा दिसले का?" मनात काय होतं, असं कोणी विचारलं नाही.

माझ्यासारख्यांचा सरळ निवाडा १९५९ साली लागला होता. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी स्वप्नं रोज आठवणारे आणि जवळजवळ कधीच न आठवणारे असे दोन गट प्रयोगशाळेत झोपवले. दोघांच्या रेम झोपेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ती चालू असताना उठवल्यावर 'आम्हाला स्वप्नं पडत नाहीत' म्हणणाऱ्यांनीही जवळपास निम्म्या वेळा स्वप्न सांगितलं. पहिल्या गटाचं प्रमाण याहून खूप जास्त होतं, पण कधीच स्वप्न न सांगणारा दुसऱ्या गटातही कोणी नव्हता.

तरी शंका उरतेच : उठवूनही ज्याला काही आठवत नाही, त्याचं काय? याचं उत्तर एका आजाराने दिलं. रेम झोपेत मेंदू आपले स्नायू सैल करून टाकतो, म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. काही जणांत, विशेषतः उतारवयातल्या पुरुषांत, हा बंदोबस्त ढिला पडतो आणि माणूस झोपेत स्वप्न वठवू लागतो. लाथा मारतो, ओरडतो, भांडतो. पॅरिसच्या पिटिए-साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या इझाबेल आर्न्युल्फ यांच्या गटाने २०१५ साली अशा २८९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात काही मोजके असे होते, ज्यांना दहा-दहा, तीस-तीस वर्षांत एकही स्वप्न आठवलेलं नव्हतं. रात्रीच्या चित्रफितींत मात्र तेही इतरांसारखेच बोलत होते, वाद घालत होते, कोणाशी तरी झुंजत होते. सकाळी विचारलं तर काही नाही. हा निबंध वाचला त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. एखाद्या माणसाशी रात्रभर बोलत बसायचं आणि सकाळी त्याचा पत्ताही नसायचा, असं होऊ शकतं, याचा तो पुरावा होता.

इथे थोडी धोक्याची सूचनाही द्यायला हवी. घरातलं वडीलधारं माणूस झोपेत हातपाय झाडू लागलं, शेजारच्याला मारू लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. अशा अनेकांत पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश दिसतो. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. तसंच, आयुष्यभर स्वप्नं आठवणाऱ्याची ती अचानक थांबली, तर तेही वेगळं प्रकरण आहे. मार्क सोल्म्स यांनी १९९७ सालच्या ग्रंथात ३६१ रुग्णांचा अभ्यास मांडला. मेंदूच्या मागच्या-बाजूच्या पॅरायटल भागाला किंवा कपाळामागच्या आतल्या भागाला इजा झालेल्या कित्येकांची स्वप्नं बंद झाली होती. नैराश्यावरची अनेक औषधं आणि दारू रेम झोप दाबतात, हेही ध्यानात ठेवावं. पण जन्मभर विसरणाऱ्या माझ्यासारख्याला यातलं काही लागू नाही.

मग आम्ही विसरतो का?

पहिलं कारण सगळ्यांना समान आहे. जागेपणी एखादा अनुभव पक्का होताना मेंदूत नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन शिक्का मारल्यासारखं काम करतं. रेम झोपेत ते सोडणाऱ्या पेशी जवळपास गप्प असतात. म्हणजे स्वप्नाचं नाटक जोरात चालू आणि दप्तरी कारकून रजेवर. २०१९ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये तर विसरण्याचं काम करणाऱ्या पेशीच दाखवल्या. रेम झोपेत त्या जाग्या होतात; त्या बंद ठेवल्या की उंदरांची स्मृती सुधारते. उंदीर स्वप्न सांगत नाहीत, त्यामुळे तिथून माणसाच्या स्वप्नावर उडी मारताना जपून.

दुसरं कारण माणसामाणसांत फरक करतं, आणि मला तेच निर्णायक वाटतं. झोपेत स्वप्न पक्कं होत नाही, म्हणजे ते टिकायचं तर त्या क्षणी थोडं तरी जागं व्हायला हवं. १९७६ साली डेव्हिड कूलॅक आणि वर उल्लेख केलेले गुडइनफ यांनी हे सूत्र मांडलं. त्याचा पुरावा फ्रान्समधल्या लिओं शहरातून आला. पेरीन रुबी यांच्या गटाने रोजच्या रोज स्वप्नं आठवणारे १८ आणि महिन्याला एक-दोनच आठवणारे १८ असे ३६ जण निवडले. पहिल्यांना आठवड्यातल्या सरासरी पाच सकाळी स्वप्न आठवत होतं. झोपेत दोन्ही गटांना आवाज ऐकवले. त्यात मधूनच एखादं नाव. आठवणाऱ्यांचे मेंदू नावाला जास्त दचकत. झोपेत आणि जागेपणीही. आणि त्यांच्या रात्रीतली मधली जाग मोजली, तर ती एकूण सुमारे अर्धा तास भरली. न आठवणाऱ्यांची होती जेमतेम पाव तास. २०१४ साली याच गटाने मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. कानाच्या वर-मागे टेम्पोरल आणि पॅरायटल भाग जिथे मिळतात, तिथला प्रवाह आठवणाऱ्यांत जास्त होता. बाहेरच्या जगाकडे लक्ष वळवण्यात त्या जागेचा वाटा असतो. त्यांना मुळात स्वप्नंच जास्त पडत असतील, ही शक्यता रुबी यांनी मोकळी ठेवली आहे. पाव तास आणि अर्ध्या तासाचा हिशेब मात्र माझ्यातल्या हिशेबनिसाला पटला.

कारण मी झोपतो कसा, हे घरच्यांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सोलापुरात होतो. विसर्जनाच्या गडबडीने दमलेलं अख्खं गाव चारच्या सुमाराला रस्त्यावर आलं. मांडणीवरची भांडी खाली आली. मी झोपलेलो. अण्णा परत आत आले आणि मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. पुढे कित्येक वर्षं ते हे चारचौघांत हसून सांगत आणि मला त्याचा राग येई. आमचं न पटण्याची कारणं निराळी होती, पण त्यात हेही होतं.

आठवणाऱ्यांची झोप 'चांगली' आणि आमची 'वाईट', किंवा उलट, असं काही यात नाही. हलकी आणि जड, एवढंच. इटलीतल्या एका अलीकडच्या अभ्यासात १८ ते ७० वयाच्या २१७ लोकांनी पंधरा दिवस रोज सकाळी नोंद केली. ज्यांची झोप लांब आणि हलकी, ज्यांचं मन दिवसाही इकडेतिकडे भरकटतं आणि ज्यांना स्वप्नांविषयी आस्था आहे, त्यांना जास्त आठवलं. थोर वयाच्या लोकांना अनेकदा 'स्वप्न होतं, पण काय ते गेलं' एवढंच उरत होतं. शास्त्रज्ञ याला 'पांढरं स्वप्न' म्हणतात. फ्रॉइडचा जुना सिद्धान्त, की नकोसं असतं तेच मन दडपून विसरतं, या मोजणीत फारसा टिकत नाही. मला तो टिकायला नकोच होता. ताईचं म्हणणं तोच सिद्धान्त होता, फक्त साध्या मराठीत.

तिसरी गोष्ट उठल्यानंतरच्या मिनिटभराची. १९७३ साली कोहेन आणि वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी एका गटाला सांगितलं, उठल्याबरोबर आधी हवामान खात्याला फोन लावा, आजचं तापमान लिहून घ्या आणि मग स्वप्न लिहा. दुसऱ्या गटाला म्हणाले, थोडा वेळ पडून राहा आणि लिहा. फोन लावणाऱ्यांची स्वप्नं मोठ्या प्रमाणात उडून गेली. पन्नास वर्षांपूर्वी हा मुद्दाम घातलेला अडथळा होता. आज आपण सगळेच डोळे उघडायच्या आत फोन हातात घेतो, हवामानही पाहतो.

संतसाहित्यात विस्मरणाची एक नोंद आहे, ती हे सगळं वाचल्यावर मला वेगळीच दिसू लागली. तुकारामांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात अनुग्रह दिला, हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी ते अभंगात इतकं तपशिलाने सांगितलं आहे, की एखाद्या स्वप्न-प्रयोगशाळेला अभिमान वाटावा : स्नानाला जातानाची वाट, डोक्यावर ठेवलेला हात, गुरूंची परंपरा, मंत्र, माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. आणि त्यातच कबुली, की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं, पण स्वप्नातच त्याचा विसर पडला. स्वप्न लख्ख आठवतं आणि स्वप्नातला विसरही आठवतो. पावशेर, हे मापसुद्धा. जागे होताक्षणी तुकाराम हललेही नसावेत, असं मला उगीच वाटतं.

कमी आठवणाऱ्यांनी उशाशी वही ठेवली, तर त्यांचं आठवणं वाढतं, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून दीड वर्षापूर्वी मी शंभर पानी वही आणली. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, रविवारी गजर नाही. जाग आली तरी डोळे मिटलेले, कूस बदलायची नाही, आणि मनात फोक्सचा प्रश्न : आत्ता काय चाललं होतं? निजताना एक पेलाभर पाणी जास्त पिऊ लागलो, म्हणजे रात्री एकदा उठावंच लागेल. हा माझा गावठी उपाय आहे, शास्त्रीय नव्हे. पहिले पाच आठवडे पानं कोरी. मग तुकडे येऊ लागले. एक जिना. ओल्या रॉकेलचा वास. लहानपणच्या शाळेतली नळाची रांग. आता महिन्याला चार-पाच नोंदी होतात. लिओंच्या पहिल्या गटात मी कधीच बसणार नाही.

अण्णा वहीत नाहीत. गेल्या श्रावणात एका पहाटे जाग आली, ती कोणीतरी दंड धरल्यासारखी. चेहरा नाही, जागा नाही. दंडावर पकड होती आणि घाई होती, एवढंच. मी तसाच पडून राहिलो, पण पुढे काही आलं नाही. चहाच्या वेळी आईला सांगितलं.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"तेच असतील," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली मी 'कोणीतरी' असं लिहिलं आहे.